माप आमचं, हात तुमचा

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी आमचे सर सहा महिन्यांसाठी परदेशी गेले आणि मी वसतिगृहातली खोली सोडून शिवऱ्याला घरी आले. माझं काम सैद्धांतिक भौतिकशास्त्रातलं. त्याला लागणार कागद, पेन्सिल आणि डोकं. तिन्ही वस्तू घरी नेण्यासारख्या होत्या आणि घरचं जेवण मेसपेक्षा कितीतरी बरं होतं. ट्रंक ओट्यावर ठेवल्याबरोबर आईने ती उघडून आत काय काय आहे ते नीट पाहिलं. पुस्तकं, वह्या, दोन स्वेटर. "यंत्रं कुठं हाईत तुजी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मला यंत्रं लागत न्हाईत, आई. मी कागदावरच करते सगळं." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग त्येच्यासाठी पुण्याला कशाला गेलीवतीस?" पुढे आयुष्यभर मी या प्रश्नाचं उत्तर निरनिराळ्या समित्यांना निरनिराळ्या शब्दांत लिहून दिलं, आणि त्यावर बऱ्यापैकी अनुदानंही मिळवली. आईला पटेल असं उत्तर मात्र मला आता निवृत्त झाल्यावरही सुचलेलं नाही.

आमची भाताची गिरणी हायवेला लागून होती. पुढे गिरणी, मागे घर, मध्ये पत्र्याची एक भिंत. सकाळी आठला इंजिन सुरू झालं की ती भिंत थरथरायला लागायची आणि तिच्यावर टांगलेला आरसाही थरथरायचा, त्यामुळे भांग पाडायचा तो आठच्या आत. पट्ट्याचा सपक सपक आवाज, भात भरडणाऱ्या हलरची घरघर आणि मध्येच आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, "थांब रं, थांब रं" अशी हाक, हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की इंजिन बंद झालं की मला जाग यायची. कोंड्याची बारीक पिवळसर धूळ सगळीकडे बसे, पांघरुणावर, लोणच्याच्या बरणीवर, माझ्या समीकरणांवर. आजही त्या वेळची वही उघडली तर पानांच्या सांध्यात ती सापडते. न्याहारीला कण्यांची पेज असायची, वरून तूप, बाजूला लसणाची चटणी. आंबेमोहोराच्या कण्या शिजायला लागल्या की तो वास पत्र्याच्या फटीतून गिरणीत जायचा आणि रांगेतलं कुणीतरी मोठ्याने विचारायचं, "वैनी, आमाला हाय का?" आई कधी नाही म्हणाली नाही. पेजेचं पातेलं त्या हिशेबानेच मोठं होतं.

सुगी नुकतीच झाली होती. वेल्ह्याकडून भाताची पोती भरलेले टेम्पो यायचे, एकेका टेम्पोत पाच-सहा घरांचा माल आणि त्या घरांची माणसं पोत्यांवर बसलेली. भरडाई आमच्याकडे पैशात नव्हती. एका पोत्यामागे एक अधोली तांदूळ, म्हणजे दोन शेरांचं लोखंडी माप, तेही शिगेसकट. काठाच्या वर जो तांदळाचा सुळका उभा राहतो ती शीग, आणि ती गिरणीवाल्याची. एवढं सगळीकडेच होतं. आमच्याकडची जास्तीची रीत अशी की माप गिरणीचं, पण ते भरायचं गिऱ्हाइकाने. "माप आमचं, हात तुमचा," असं आण्णा प्रत्येक नव्या माणसाला सांगत. माणूस आपल्या ढिगातून ओंजळीने तांदूळ घ्यायचा, अधोलीत सोडायचा, शीग चढवायचा आणि मोजताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा, जसं सगळे म्हणतात. मग दोन, मग तीन. कुणी फारच सपाट माप टाकलं तर रांगेतला मागचा टोमणा मारी, "काय पाव्हनं, शीग बैलानं खाल्ली काय?" आणि तो माणूस हसत आणखी एक ओंजळ घाली. त्यामुळे रांग हळू चालायची. पण मजेत चालायची.

आता माझ्या संशोधनाबद्दल. माझा विषय होता ढीग. लोकांना वाटतं, भौतिकशास्त्रज्ञ फक्त ताऱ्यांचा नाहीतर अणूंचा विचार करतात. पण दाण्यांचा ढीग ही गोष्ट तेव्हा आमच्या क्षेत्रात मोठी डोकेदुखी होती. दाणे धड घन पदार्थासारखे वागत नाहीत, धड पाण्यासारखेही वागत नाहीत. ढिगाच्या तळाला वजन कुठे किती येतं, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर यायची. मी माझ्या प्रबंधासाठी एक सुबक सिद्धांत मांडत होते. त्यात दाण्याच्या जातीवरून ढिगाचा उतार ठरायचा, उतारावरून ढिगाचा आकार, आणि आकारावरून बाकी सगळं. दाणा सांगा, ढीग सांगते. तो कुणी रचला, कसा रचला, याला माझ्या समीकरणांत जागाच नव्हती. चार पानांत सगळं बसत होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. एकदा मी आईला वहीतला सुळका काढून दाखवला आणि सांगितलं की यातले दाणे गोल धरलेत. ती म्हणाली, "तांदूळ कुठं गोल असतोय?" मी हसून विषय बदलला.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, भोरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाला होता आणि गिरणीचा धंदा सुधारायचं त्याने मनावर घेतलं होतं. तो घड्याळ घेऊन आठवडाभर रांगेपाशी उभा राहिला आणि रात्री जेवताना त्याने निकाल सांगितला. भरडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळ लोक अधोली भरण्यात आणि एकमेकांची थट्टा करण्यात घालवतात. "आण्णा, माप तुमी भरा. चार सेकंदाचं काम हाय. तेवढ्या वेळात दिवसाला दहा पोती जास्त भरडून हुतील." आण्णा म्हणाले, "रीत हाय ती. लोकांस्नी काय वाटंल?" तेव्हा दादाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी, घरातली विदुषी, भाकरीचा तुकडा हातात धरून बोलले. शीग दाण्यावर ठरते, हातावर नाही. आंबेमोहोर तो आंबेमोहोर, तुम्ही भरा की कुणीही भरो, उतार तोच, म्हणून तांदूळही तितकाच. हे गणिताने सिद्ध होतं. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "शैला म्हंती म्हंजी तसंच असंल." त्या वाक्याचा मला तेव्हा जो आनंद झाला, त्याची आज आठवण झाली तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

दुसऱ्या दिवसापासून माप आण्णा भरू लागले. रांग भराभर पुढे सरकायला लागली. दादा खूश, मी खूश. मी तर प्रबंधात शेवटी एक परिच्छेद घालायचं ठरवलं, की या सिद्धांताचा ग्रामीण अर्थव्यवहारात कसा उपयोग होतो. तो परिच्छेद मी फार नटवून लिहिला होता. दोन आठवड्यांनी एक गोष्ट पहिल्यांदा आईच्या लक्षात आली. पेज उरायला लागली. मग आम्हालाही दिसायला लागलं. वेल्ह्याकडचे टेम्पो हायवेला लागायचे, आमच्या दारावरून जायचे, आणि न थांबता सरळ पुढे सारोळ्याला, नदीच्या पुलाजवळच्या दुसऱ्या गिरणीकडे. पोत्यांवर बसलेली ओळखीची माणसं आमच्याकडे न पाहता दुसरीकडे बघायची. एकाने तर, दरवर्षी आमच्याकडे पेज पिणाऱ्याने, टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. आण्णा दारात उभे राहून टेम्पो बघत आणि तो वळणापलीकडे दिसेनासा झाला की आत येऊन बंद इंजिन फडक्याने पुसत. ते एकटेच उगाच इंजिन पुसताहेत हे पाहवायचं नाही. तीस वर्षं त्यांनी ही गिरणी चालवली होती, आणि माल गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं. माणसं बघत नाहीत, याचं होतं.

दादाने उपाय सुरू केले. त्याचं म्हणणं, सारोळ्याला गिऱ्हाइकाला चहा मिळतो. मग आमच्याकडे चहा सुरू झाला. मग गुळाचा चहा. मग आईला पोहे करायला सांगितलं. आई म्हणाली, "तांदूळ घ्यून येत्यात त्येंस्नी मी पोहे खायला घालू?" पण तिने केले. ते आम्हीच खाल्ले. मी माझी समीकरणं दोनदा तपासली. त्यांत चूक नव्हती, म्हणून मला खात्रीच होती की कारण दुसरंच काहीतरी असणार. मी तर मागणी, पुरवठा आणि रस्त्याचं अंतर यांवर एक आलेखही काढला. तो पाहून दादा म्हणाला की सारोळं वेल्ह्यापासून जास्त लांब आहे. हे मला आलेखाशिवायही माहीत होतं.

शेवटी कारण सांगितलं ते बायजामावशीने. ती आईची माहेरची मैत्रीण, वेल्ह्याकडे दिलेली, आणि भोरच्या बाजाराला आली की परत जाताना आमच्याकडे टेकायची. उंच, हडकुळी बाई, आवाज खणखणीत. त्या दिवशी ती आली, पाणी प्याली आणि आण्णांसमोरच म्हणाली, "आण्णा, मी आडून बोलत न्हाई. तिकडं समदी म्हंत्यात, आण्णाची शीग वाढली."

आण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बायजाक्का, देवाशप्पत सांगतो, एक दाणा म्या जास्त घेतला न्हाई."

"त्ये मला ठावं हाय. तुमी घेनारं न्हाई. हात घेतोय."

मला राहवलं नाही. मी मध्ये पडले आणि मावशीला उताराचा नियम समजावून सांगितला, अगदी सोप्या शब्दांत. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दोनदा "बरं" म्हणाली आणि मग म्हणाली, "शैले, ती अधोली आन हिकडं. आन तांदूळ आन. आन त्यो तराजू बी."

अंगणात सारवलेल्या जागेवर तिने बैठक मारली. आधी आण्णांना अधोली भरायला सांगितली, रोज भरतात तशी. त्यांनी भरली. ती सुपात ओतून तिने बाजूला ठेवली. मग स्वतः भरली. आण्णांनी ओंजळ मापाच्या अगदी जवळ नेली होती, दाणे सावकाश सोडले होते, मध्ये एकदा मापाला बोटाने टकटक केलं होतं आणि शीग चढवताना ओंजळ हलकेच शेंड्यावर उघडली होती. मावशीने तांदूळ भसकन ओतला आणि शीग वीतभर उंचीवरून सोडली. निम्मे दाणे घरंगळून खाली गेले. दोन्ही मापं दोन पारड्यांत घातली. मावशीचं पारडं वर गेलं. ते बरोबर व्हायला वरून तीन मुठी घालाव्या लागल्या.

"मावशी, तू मुद्दाम कमी भरलंस," मी म्हणाले.

"व्हय की. देनाऱ्याचा हात हाय माजा," ती म्हणाली. मग आण्णांकडे वळली. "आण्णा, आता असं समजा, मी तुमच्या दारात आले न्हाई, तुमीच माज्या गिरणीत आलाय. ह्यो तांदूळ तुमचा, माप माजं. भरा, द्या मला. लबाडी करू नका, सरळ भरा."

आण्णांनी भरली. मी डोळ्यांत तेल घालून त्यांचा हात बघत होते, आणि त्यांनी काहीही वेगळं केलं नाही असं मी शपथेवर सांगितलं असतं. तोच माणूस, तोच तांदूळ, तीच अधोली. मावशीने ती पारड्यात घातली, समोर आण्णांची आधीची. पारडं वर गेलं. दोन मुठी कमी.

हायवेवरून एक ट्रक गेला. आण्णा कितीतरी वेळ स्वतःचे दोन्ही तळहात उलटसुलट करून बघत होते, आणि मग एकदम हसायला लागले, पोट धरून. आई आतून धावत आली. "अगं, तीस वर्सं," ते म्हणाले, "तीस वर्सं माज्या बापानं सांगितल्यालं मी लोकांस्नी सांगतोय, माप आमचं, हात तुमचा. मला वाटायचं त्ये नुसतं मानाचं हाय. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आन माजी लेक तर लईच शिकल्याली." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी न्हाणीघरात जाऊन थोडं रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. आईने काही न विचारता पेजेची वाटी हातात दिली.

आण्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने वेल्ह्याकडे गेले. एकटेच. चार गावं पायी फिरले आणि दारोदार एवढंच सांगितलं की माझा हात चुकला, आता पुन्हा तुमच्याच हाताने भरायचं. दादा म्हणत होता, फळा लिहून लावू. आण्णा म्हणाले, फळा कोण वाचतंय. संध्याकाळी परतले तेव्हा पिशवीत कुणीकुणी दिलेला घेवडा, खेकडे आणि एक भोपळा होता. त्या रात्री खेकड्याचं कालवण झालं आणि तांदळाच्या भाकरी. तिसऱ्या दिवशी पहिला टेम्पो थांबला, आणि टोपी डोळ्यांवर ओढणारा गडी उतरून पहिलं काय म्हणाला, तर "वैनी, पेज हाय का?" त्याने आपल्या हाताने अधोली भरली, "लाभ" म्हणाला आणि शीग एवढी चढवली की आण्णाच म्हणाले, "अरं बास."

माझी चार पानं मात्र गेली. इतके दिवस मी समीकरणांत चूक शोधत होते, आणि समीकरणं बरोबरच होती. चूक त्यांच्या आधीच्या ओळीत होती, जिथे मी लिहिलं होतं, 'समजा, एक ढीग आहे.' ढीग नुसता असत नाही. तो कुणीतरी करतं. हळू सोडलेला दाणा घट्ट बसतो, भसकन ओतलेला सैल राहतो, आणि एकाच जातीच्या दाण्यांचा सुळका थोडा उभाही राहू शकतो, थोडा बसकाही. तो कसा रचला गेला हे ढीग विसरत नाही. मी सरांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, पोह्यांसकट. महिन्याने उत्तर आलं, एका ओळीचं: 'आता खरं काम सुरू कर, आणि त्या बाईंना माझा नमस्कार सांग.' मग समीकरणांत मी ढिगाच्या इतिहासाला जागा केली. त्या चार पानांची एकशे चाळीस झाली आणि सुबकपणा बराच गेला. आज माझ्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी संगणकावर लाखो दाणे एकेक करून ओततात आणि रंगीत चित्रं काढतात. मला ती चित्रं आवडतात. पण ओतणारा कोण, हे मी त्यांना प्रत्येक वेळी विचारते आणि ते एकमेकांकडे बघतात.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला मी पिशवीतून अधोली आणि आंबेमोहोर घेऊन गेले. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की रचणाऱ्याने इतका फरक पडतो याला पुरावा काय. मी माप त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "सर, माप आमचं, हात तुमचा." त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि अर्धा तास तांदूळ ओतत बसले, कधी देणारे होऊन, कधी घेणारे होऊन. शेवटी टेबलाखाली सांडलेले दाणे आम्ही सगळ्यांनी मिळून वेचले.

पेढे घेऊन मी सगळ्यात आधी बायजामावशीकडे गेले. तिचं घर डोंगराच्या कडेला, समोर खाचरं. तिने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "येवडी वर्सं शिकून ह्येच शिकलीस व्हय?" मी म्हटलं, हेच. तिने कणगीतून तांदूळ काढला, स्वतःची अधोली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आईसाठी घ्यून जा. भर तुज्या हातानं. आज घेनारी तू हायस."

मी ओंजळ जवळ नेली. दाणे सावकाश सोडले. मापाला टकटक केलं. शीग चढवली, आणखी चढवली, एकेक दाणा ठेवल्यासारखी, एकशे चाळीस पानांत जे जे होतं ते सगळं वापरून. शेवटी एक दाणा टाकला आणि तो घरंगळून खाली गेला. "झालं," मी म्हणाले. "आता एकसुद्धा राहणार नाही."

मावशीने वाकून पाहिलं. मग तीन बोटांची चिमूट भरली, ती शेंड्यावर नेली आणि सोडली. चिमूटभर तांदूळ तिथे राहिला.

"आता झालं," ती म्हणाली आणि माझ्यापुढे पिशवीचं तोंड उघडून धरलं.